सरासरी आणि स्तंभालेख : मुलांच्या नित्याच्या माहितीवरून

(केंद्रसंमेलनात शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या संमेलनासाठी मी जो विषय निवडला आहे तो वरवर पाहता अगदी सोपा आहे. सरासरी काढणे म्हणजे बेरीज करून भागणे आणि स्तंभालेख काढणे म्हणजे पट्टीने उभ्या पट्ट्या आखणे, एवढे आपल्या वरच्या प्राथमिक वर्गांतील बहुतेक मुलांना येते. शाळाभेटीच्या वेळी मी फळ्यावर पाच संख्या लिहून त्यांची सरासरी विचारली तर निम्म्याहून अधिक हात वर होतात आणि उत्तरही बहुधा बरोबर येते. परंतु उत्तर आल्यावर, ‘बरे, हे सात म्हणजे काय सात?’ असा प्रश्न केला की वर्ग गप्प होतो. भागाकार आला, पण भागाकार कशासाठी केला हे उमगले नाही, असा त्याचा अर्थ आहे.

वास्तविक ‘सरासरी’ हा शब्द मुलांनी शाळेत येण्यापूर्वीच ऐकलेला असतो. यंदा एकरी काय उतारा पडला याची चर्चा घरोघर चालते. एकरी उतारा ही सरासरीच होय. कारण शेताच्या खोलगट भागातले पीक निराळे आणि माथ्यावरचे निराळे असते हे बापाला ठाऊक असते, तरी तो एकच आकडा सांगतो. दूध डेअरीच्या कार्डावर रोजचे लिटर लिहिलेले असतात आणि आई म्हणते, ‘म्हैस सरासरी सहा लिटर देते.’ मुलांच्या कानांवर असलेली ही भाषा आपण वर्गात न आणता क्रिकेटच्या पाच डावांतील धावा फळ्यावर मांडून मोकळे होतो. क्रिकेटला माझा विरोध नाही. पण ज्या आकड्याशी मुलाचे काही अडत नाही, त्या आकड्याच्या सरासरीचा विचार ते मूल करीत नाही. ते केवळ भागाकार करते.

म्हणून आरंभ भागाकाराने करू नये. पाच मुलांना पुढे बसवून प्रत्येकापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवावा. एकापुढे ४, दुसऱ्यापुढे ७, तिसऱ्यापुढे ३, चौथ्यापुढे ९ व पाचव्यापुढे २. मग एवढेच सांगावे की बाहेरून एकही चिंचोका न आणता सर्वांचे ढीग सारखे करा. मुले प्रथम एकमेकांचे चिंचोके उचलून पाहतात, थोडा गलका होतो, तो होऊ द्यावा. काही वेळाने प्रत्येकापुढे पाच पाच चिंचोके येतात. हे पाच म्हणजेच सरासरी, हे सांगण्याची मग गरजही उरत नाही. एखादे चुणचुणीत मूल म्हणते, ‘गुरुजी, सगळे एकत्र करून वाटले असते तर लवकर झाले असते.’ सूत्र त्या मुलाच्या तोंडून आले असे समजून त्याच वेळी ते फळ्यावर लिहावे.

येथे आणखी एक गोष्ट करून घ्यावी. कोणाचे किती चिंचोके गेले आणि कोणाला किती मिळाले याचा हिशेब मांडावा. सातवाल्याचे दोन गेले, नऊवाल्याचे चार, एकूण सहा. चारवाल्याला एक मिळाला, तीनवाल्याला दोन, दोनवाल्याला तीन; तेही सहाच. सरासरीच्या वर जेवढे असते तेवढेच खाली असते, ही गोष्ट मुलांनी एकदा हातांनी अनुभवली की पुढे उत्तर चुकल्यास ती स्वतःच ओळखतात. त्याचप्रमाणे भागाकारापूर्वी अंदाज विचारण्याची सवय ठेवावी. सरासरी ही सर्वांत लहान संख्येहून लहान आणि सर्वांत मोठीहून मोठी कधीच असणार नाही, एवढे ध्यानात असलेले मूल पंचवीस हे उत्तर लिहून पुढे जात नाही.

आता नित्याच्या माहितीकडे वळू. माझ्या मते आपल्या भागातील शाळांना पावसासारखी दुसरी माहिती नाही. ती फुकट मिळते, रोज नवी मिळते आणि तिच्यावर गावाचे वर्ष अवलंबून असते. पर्जन्यमापक विकत आणण्याची आवश्यकता नाही. वरून खालपर्यंत सारख्या रुंदीचा कोणताही डबा चालतो. तोंड आणि बूड सारखे असल्यामुळे डबा लहान असो की मोठा, त्यात साचलेल्या पाण्याची उंची तीच राहते, आणि ती उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. हे मुलांना प्रथम खरे वाटत नाही. दोन निरनिराळ्या रुंदीचे डबे शेजारी शेजारी ठेवून त्यांना पाहू द्यावे. प्लास्टिकची बाटली वापरावयाची असल्यास तिचा सरळ भाग ठेवून वरचा निमुळता भाग कापावा व तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा. बाटलीचे बूड खालीवर असते, म्हणून तळाशी थोडे पाणी घालून तेथे रेघ मारावी आणि मोजणी त्या रेघेपासून करावी. डबा उघड्यावर, जवळच्या झाडाच्या वा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा. वेधशाळा सकाळी साडेआठ वाजता पावसाची नोंद घेतात. आपणही शाळेच्या सोयीने एक वेळ ठरवून ती मोडू नये. सुट्टीच्या दिवशी कोणी मोजावयाचे हे मुलांनी आपसांत ठरवावे.

समजा, एका आठवड्याची नोंद मिलिमीटरमध्ये अशी आली : ०, १२, ०, ०, ३१, ६, ०. एकूण ४९. काही मुले ४९ ला ७ ने भागतील आणि काही ३ ने भागतील, कारण शून्य म्हणजे काहीच नाही, ते कशाला मोजावयाचे, असे त्यांना वाटते. येथे लगेच ‘चूक’ म्हणून सांगू नये. ७ ने भागले तर दिवसाला सरासरी ७ मिलिमीटर पाऊस झाला असे उत्तर येते. ३ ने भागले तर ज्या दिवशी पाऊस पडला त्या दिवशी तो सरासरी १६ मिलिमीटरहून थोडा अधिक पडला असे उत्तर येते. ही दोन निराळ्या प्रश्नांची दोन खरी उत्तरे आहेत. हवामान खात्याच्या हिशेबातही २.५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात. तेव्हा भागाकार करण्यापूर्वी आपला प्रश्न काय आहे हे मुलांना पूर्ण वाक्यात वहीत लिहावयास लावावे. सरासरीच्या पाठातील निम्मे शिक्षण या एका वाक्यात आहे.

यानंतर त्याच नोंदीशेजारी दुसरा एक काल्पनिक आठवडा मांडावा. त्यात सहा दिवस कोरडे आणि एकाच दिवशी ४९ मिलिमीटर. सरासरी पुन्हा ७ च. आता मुलांना विचारावे, पेरणी झालेल्या रानाला कोणता आठवडा मानवेल? शेतकऱ्याच्या मुलाला हे शिकवावे लागत नाही. उघडीप लांबली की रोप माना टाकते, एकदम कोसळला की बी वाहून जाते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो, हे तेच आपल्याला सांगेल. दोन्ही आठवड्यांचे स्तंभालेख शेजारी शेजारी काढले की सरासरीने लपविलेला फरक डोळ्यांना दिसतो. आज आपणांपुढे जे सांगावयाचे आहे ते मुख्यत्वे हेच आहे. सरासरी खालीवर असलेले सपाट करते. स्तंभालेख ते पुन्हा जसेच्या तसे उभे करतो. म्हणून एक शिकविला आणि दुसरा पुढच्या महिन्यावर टाकला असे होऊ नये.

मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण हवे असल्यास मुंबईचे द्यावे. २६ जुलै २००५ च्या सकाळपासूनच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच शहरातील कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटरची. दोहोंची सरासरी ५०९ येते. एवढा पाऊस या दोहोंपैकी कोणत्याच ठिकाणी पडला नव्हता. उत्तर उपनगरे पाण्याखाली असताना दक्षिण टोकाला असे काही घडत आहे याची अनेकांना कल्पनाही नव्हती, ते या दोन आकड्यांवरून समजते.

स्तंभालेखाची सुरुवातही कागदावर करू नये. रिकाम्या आगपेट्या गोळा कराव्यात आणि एक पेटी म्हणजे एक मूल असे धरून, कोण पायी येते, कोण सायकलने, कोण एस.टी.ने, याप्रमाणे पेट्यांचे मनोरे रचावेत. ज्या शाळांत शहाबादी फरशी आहे त्यांना तर मोठाच आलेख-कागद आयता मिळाला आहे. फरशीवर खडूने स्तंभ रंगवावेत किंवा एकेका फरशीवर एकेक मूल उभे करावे. मुले स्वतःच स्तंभ झाली की कोणती रांग लांब आणि कितीने लांब, हे मोजण्याचा उत्साह काही निराळाच असतो. त्यानंतर चौकटीची वही घ्यावी. एका चौकटीस एक, मग एका चौकटीस पाच, मग दहा, असे प्रमाण वाढवीत न्यावे. स्तंभांची रुंदी सारखी, मधले अंतर सारखे, वर शीर्षक, आडव्या व उभ्या रेषेशी काय दाखविले आहे त्याचे नाव, कोपऱ्यात प्रमाण. हे नियम आपणां सर्वांना ठाऊकच आहेत, त्यावर वेळ घालवीत नाही.

एका नियमावर मात्र थांबले पाहिजे, कारण तो आपल्याही हातून सुटतो. स्तंभाची सुरुवात शून्यापासून झाली पाहिजे. सोमवारी २८ मुले हजर व मंगळवारी ३१, असा आलेख काढताना जागा वाचविण्यासाठी उभी रेषा २५ पासून सुरू केली, तर एक स्तंभ तीन चौकटींचा आणि दुसरा सहा चौकटींचा होतो. पाहणाऱ्यास मंगळवारी दुप्पट मुले आली असे वाटते. वर्तमानपत्रांत, जाहिरातींत, मोबाइलवर येणाऱ्या चित्रांत असे पाय कापलेले स्तंभ वारंवार दिसतात. मुलांना ते शोधून आणावयास सांगावे आणि त्यांचे पाय जोडून पुन्हा काढावयास लावावे. या कामात मुले इतकी रंगतात की काही दिवस घरच्यांना भंडावून सोडतात.

जाता जाता सांगतो. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात स्कॉटलंडच्या निरनिराळ्या देशांशी असलेल्या व्यापाराचे स्तंभ काढले. त्याच्यापाशी एकाच वर्षाचे आकडे होते, त्यामुळे वर्षानुवर्षे पुढे सरकणारी रेषा काढता येईना. म्हणून त्याने आयात व निर्यात यांचे स्तंभ शेजारी शेजारी मांडले. आज आपण मुलांना जोडस्तंभालेख म्हणून जे शिकवितो त्याचे मूळ असे माहितीच्या तुटवड्यात आहे. आपल्याकडील थोर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म २९ जूनचा, १८९३ सालचा. २००७ पासून तो दिवस राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. पहिला पावसाचा आलेख भिंतीवर लावण्यास हा दिवस सोयीचा आहे.

पावसाळा सरला की शालेय पोषण आहाराची नोंदवही हाताशी असतेच. पहिली ते पाचवीसाठी दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य हे प्रमाण आपणांस पाठ आहे. उदाहरणादाखल एका आठवड्यात जेवणाऱ्या मुलांची संख्या ४२, ४५, ३८, ४४, ४१ व ३० अशी धरू. एकूण २४०, सरासरी ४०, म्हणजे रोज सरासरी ४ किलो तांदूळ. आता मुलांपुढे प्रश्न ठेवावा : स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी रोज नेमका चार किलोच तांदूळ शिजविला तर काय होईल? आठवड्याअखेर हिशेब चोख जुळेल. परंतु मंगळवारी पाच मुलांचा वाटा कमी पडेल आणि शनिवारी दहा मुलांचे अन्न उरेल. मंगळवारच्या भुकेल्या मुलाला शनिवारचा भात देता येत नाही. महिन्याचा साठा मागविताना सरासरी उपयोगी, पातेले चढविताना त्या दिवसाची हजेरी मोजली पाहिजे, हे मुलांना एका उदाहरणात कळते.

हजेरीचे नाव निघालेच आहे, तेव्हा आपल्या स्वतःच्या कामासंबंधीही बोलले पाहिजे. आपण महिन्याच्या शेवटी सरासरी हजेरी काढतो आणि पत्रकात भरतो. समजा, दोन शाळांतील दोन वर्गांचा पट वीस वीस आहे. सहा दिवसांच्या आठवड्यात दोन्ही वर्गांत रोज सतरा मुले हजर होती. सरासरी हजेरी १७, म्हणजे शेकडा ८५. दिवसांप्रमाणे स्तंभालेख काढला तर दोन्हीकडे सारख्या उंचीचे सहा स्तंभ येतील. पत्रकात या दोन वर्गांत कोणताच फरक नाही.

आता हाच हजेरीपट आडवा वाचावा आणि दिवसांऐवजी मुलांचे स्तंभ काढावेत. एकेक मूल आठवड्यातून किती दिवस आले, त्याचे. पहिल्या वर्गात अठरा मुले प्रत्येकी एक दिवस गैरहजर होती, कोणी तापाने, कोणी आठवडी बाजारासाठी. तेथे पाच पाच उंचीचे अठरा स्तंभ आणि सहा उंचीचे दोन. बेरीज १०२. दुसऱ्या वर्गात सहा उंचीचे सतरा स्तंभ आणि तीन ठिकाणी काहीच नाही, नुसती मोकळी जागा. बेरीज तीच १०२. दर मुलामागे सरासरी दोन्हीकडे ५.१ दिवस. परंतु पहिल्या वर्गात सर्व मुले शिकत आहेत आणि दुसऱ्या वर्गातील तीन मुलांची शाळा सुटली आहे.

आपल्या ज्या गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबे जातात, तेथील शिक्षकांना हे चित्र अपरिचित नाही. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर गावाबाहेर पडतो तेव्हा त्यात मुलेही असतात. ती एकदम जात नाहीत. आज या टोळीबरोबर दोन, चार दिवसांनी आणखी एक. रोजची सरासरी एकाने किंवा दोनाने उतरते आणि एवढ्याशा उताराकडे लक्ष जात नाही. मुलांनुसार काढलेल्या आलेखात मात्र मोकळी जागा पहिल्याच आठवड्यात दिसते. त्या वेळी घरी जाऊन आजीआजोबांपाशी मुलाला ठेवण्याविषयी बोलता येते, हंगामी वसतिगृहाची चौकशी करता येते, किमानपक्षी कोणत्या कारखान्याच्या परिसरात कुटुंब गेले हे विचारून तेथील शाळेत त्याचे नाव घालता येते. दोन महिन्यांनंतर यांतले फारसे काही करता येत नाही. शेकडा ८५ या आकड्यावर समाधान मानणारा शिक्षक आळशी असतो असे मी म्हणत नाही. पत्रक आपल्याला तेवढेच विचारते, म्हणून तेवढेच पाहण्याची सवय लागते.

पत्रकासंबंधी आणखी एक लहानशी सूचना. दोन वर्गांच्या शेकडेवारीची सरासरी म्हणजे शाळेची शेकडेवारी असे समजू नये. तिसरीत १० मुले व हजेरी शेकडा ९०, चौथीत ३० मुले व हजेरी शेकडा ७०, तर हजर मुले ९ आणि २१ मिळून ३०. चाळिसांत तीस म्हणजे शेकडा ७५. ८० लिहिणे चूक आहे.

एका बाबतीत मात्र मी आपणांस आग्रहाने सावध करू इच्छितो. नित्याची माहिती म्हणजे हाती येईल ती माहिती नव्हे. कोणाच्या घरी किती जमीन, किती जनावरे, बापाची मिळकत किती, घरात कितीजण शिकलेले, असले आकडे गोळा करून वर्गात स्तंभ काढू नयेत. ज्याचा स्तंभ सर्वांत आखूड त्याला त्या दिवशी सरासरी समजणार नाही, दुसरेच काहीतरी समजेल. वजनाचेही तसेच, हडकुळ्या मुलाचे नाव आलेखाखाली लिहिले की मधल्या सुट्टीत त्याचे काय होते हे आपण जाणतो. वजन-उंचीची नोंद आरोग्य तपासणीसाठी ठेवावी, वर्गासाठी मुलांच्या ढांगांची लांबी, शाळेपर्यंत चालत येण्यास लागणारी मिनिटे, शेंगेतील दाण्यांची संख्या, परसातल्या दोडक्याच्या वेलाची रोजची वाढ, अशी कोणासही न बोचणारी माहिती भरपूर आहे. शेंगा तर उत्तमच. प्रत्येक मुलाने दहा शेंगा फोडून दाणे मोजावेत, सरासरी काढावी आणि मग उदाहरण खाऊन टाकावे.

हजेरीचा मुलांनुसार आलेखही याच कारणाने भिंतीवर लावावयाचा नाही. मुलांना तो शिकवावयाचा असेल तर नावे गाळून, स्तंभ उंचीच्या क्रमाने लावून शिकवावा. नावांसह काढलेली प्रत शिक्षकाच्या टाचणवहीत राहू द्यावी.

पुढील संमेलनास येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाच्या गेल्या पूर्ण महिन्याच्या हजेरीचे दोन आलेख चौकटीच्या कागदावर काढून आणावेत, एक दिवसांप्रमाणे व एक मुलांप्रमाणे. द्विशिक्षकी शाळांनी दोन्ही वर्गांचे निरनिराळे आणावेत. मुलांच्या आलेखात ज्या जागा मोकळ्या किंवा फार आखूड दिसतील, त्या मुलांविषयी आपण जे केले ते कागदाच्या मागील बाजूस दोन ओळींत लिहावे. दुपारच्या सत्रात आपण फक्त त्या मागच्या बाजू वाचू.